ग्रेट अ‍ॅलिगेनी पॅसेज: सायकलवाल्यांचा ट्रेल, पण पायी जायचं असेल तर?

ग्रेट अ‍ॅलिगेनी पॅसेज या अमेरिकेतल्या, जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या ट्रेलबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक सायकलवाल्यांनी लिहिलेलं असतं. दिवसाला पन्नास मैल, तीन दिवसांत पिट्सबर्ग ते कंबरलँड, मुक्काम कुठे करायचा, ट्यूब कुठे मिळते, असा सगळा हिशोब. पायी जाणाऱ्याला तो लागू पडत नाही. सायकलवर वीस मिनिटांत मागे पडणारा तुकडा चालताना सव्वा-दीड तास खातो, आणि त्या सव्वा तासात पाणी, सावली, पायाखालची खडी या सगळ्याचा अर्थ बदलतो. म्हणून हे परीक्षण फक्त चालणाऱ्यांच्या आणि धावणाऱ्यांच्या सोयीचं.

निकाल आधीच सांगून टाकतो. धावायला हा ट्रेल उत्तम आहे; पाचापैकी पाच द्यायला हरकत नाही. चालायला त्यातले दोन-तीन तुकडे फार सुंदर आहेत, पण सगळाच्या सगळा ट्रेल सलग चालून काढायचा म्हटलं तर पाचापैकी तीन. कारण एकच, आणि ते रेल्वेच्या बांधणीतच आहे.

आधी थोडी ओळख. मेरीलँड राज्यातलं कंबरलँड ते पेनसिल्व्हेनियातलं पिट्सबर्ग असा हा 150 मैलांचा, म्हणजे 241 किलोमीटरचा ट्रेल. मैलांची मोजणी कंबरलँडपासून होते. तिथे शून्य आणि पिट्सबर्गच्या टोकाला 150. दर मैलाला खांब आहे. कंबरलँडहून पुढे सी अँड ओ कालव्याच्या काठाकाठाने 184.5 मैलांची दुसरी वाट थेट वॉशिंग्टनला जाते, त्यामुळे दोन्ही जोडून चालणारेही असतात. पण कालव्याची वाट म्हणजे माती, मुळं आणि पावसानंतर चिखल, तिचा स्वभाव पूर्ण वेगळा. पॅसेजला प्रवेश फी नाही, परवाना लागत नाही. कंबरलँड ते कॉनल्सव्हिल हा डोंगरातला भाग वेस्टर्न मेरीलँड रेल्वेचा: 1912 मध्ये सुरू झालेला, 1975 मध्ये बंद पडलेला. कॉनल्सव्हिलच्या पुढे नदीकाठाने जाणारा बराचसा भाग पिट्सबर्ग अँड लेक एरी रेल्वेचा. ट्रेल म्हणून पहिला तुकडा कॉन्फ्लुएन्स आणि ओहायोपाइलच्या दरम्यान 1986 मध्ये खुला झाला आणि पिट्सबर्गजवळची शेवटची फट 2013 मध्ये बुजली. 2007 मध्ये रेल्स-टू-ट्रेल्स कॉन्झर्व्हन्सीने जुन्या रेल्वेमार्गांवरच्या ट्रेलसाठी सन्मानाची यादी सुरू केली, तेव्हा पहिलं नाव याच ट्रेलचं होतं.

आता मुख्य मुद्दा, चढ. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार कमी पकड धरतं. त्यामुळे भरलेल्या मालगाडीला दीड-पावणेदोन टक्क्यांचा चढसुद्धा जड जातो. ट्रेलवरचा सर्वांत तीव्र चढ तेवढाच आहे, सुमारे 1.75 टक्के, आणि तोही फक्त कंबरलँडच्या बाजूला. कंबरलँड समुद्रसपाटीपासून साधारण 605 फुटांवर. तिथून पावणेचोवीस मैलांवर ईस्टर्न कॉन्टिनेंटल डिव्हाइड, म्हणजे दोन बाजूंना पाणी वाटून देणारी डोंगराची धार, उंची 2,392 फूट. म्हणजे 38 किलोमीटरमध्ये 545 मीटर चढायचं, सरासरी 1.4 टक्के. डिव्हाइडच्या पलीकडे पिट्सबर्गपर्यंत 126 मैल उतारच, पण इतका मंद की सरासरी पाव टक्का. डोळ्यांना तो दिसतही नाही, पायांना जेमतेम कळतो.

ऐकायला हे सगळं सोपं वाटतं आणि चुकीचं नियोजन इथूनच सुरू होतं. डोंगरातल्या साध्या पायवाटेवर चढताना पोटऱ्या आणि मागचे स्नायू राबतात, उतरताना मांडीचे पुढचे स्नायू, मध्ये सपाटीला दोघांना थोडी उसंत. दगड चुकवताना पाऊल लांब पडतं, आखूड पडतं, तिरकं पडतं. रेल्वेच्या वाटेवर यातलं काहीच नाही. वळणंसुद्धा इतकी मोठ्या त्रिज्येची की पाऊल वळल्याचं जाणवत नाही. एका किलोमीटरला साधारण तेराशे पावलं धरली तर 25 किलोमीटरच्या दिवसात बत्तीस-तेहतीस हजार पावलं पडतात आणि ती सगळी जवळपास एकसारखी. तोच सांधा, तोच स्नायू, टाचेची तीच जागा. डोंगर चढून आलेले अनुभवी ट्रेकरही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इथे तळपायाला फोड आणि नडगीला ठणका घेऊन बसतात. दम लागलेला नसतो, म्हणून थांबावंसं वाटत नाही. थांबावंसं वाटेपर्यंत उशीर झालेला असतो.

यावर उपाय साधे आहेत, पण पहिल्या तासापासून करावे लागतात. दर पाऊण तासाला पाच मिनिटं थांबायचं, बूट काढायचे, मोजे झटकायचे. मध्ये मध्ये दोन मिनिटं मुद्दाम झपझप चालायचं म्हणजे पावलाची लांबी बदलते. सपाट वाट आहे म्हणून रोजचे 35 किलोमीटर ठरवू नयेत. डोंगरात तुम्ही आरामात 22 करत असाल तर इथे 25 धरा. पाठीवर ओझं असेल तर तेवढेही नाहीत. बूट नेहमीपेक्षा अर्ध्या मापाने मोठे, कारण दुपारपर्यंत पाऊल सुजतं आणि सपाटीवर अंगठ्याला पुढून सतत घासत राहतं.

धावणाऱ्याला मात्र हाच एकसुरीपणा वरदान आहे. ठरवलेला वेग तासभर हलू न देता धरायचा असेल तर याहून चांगली जागा सहज सापडणार नाही. रस्ता ओलांडायची वेळ क्वचित येते, सिग्नल नाही, मैलाचे खांब आहेत, कॉनल्सव्हिलच्या वरच्या भागात झाडांची सावलीही भरपूर. डिव्हाइडच्या पश्चिमेला मॅरेथॉनसाठीची लांब धाव करायची असेल तर रॉकवूड ते ओहायोपाइल बघा: मैल 44 ते 72, म्हणजे 28 मैल, नदीच्या संगतीने, सगळा पुसटसा उतार. अर्ध्या मॅरेथॉनच्या जवळपास अंतर हवं असेल तर मायर्सडेल ते रॉकवूड, बारा मैल, आणि त्यात सॉल्सबरी व्हायाडक्ट हा दरीवरचा लांब पूल येतो.

कंबरलँडची बाजू धावणाऱ्यांसाठी वेगळा विषय आहे. एक टक्का चढाला किलोमीटरमागे साधारण आठ-दहा सेकंद जातात असा ढोबळ हिशोब धरला, तर डिव्हाइडकडे चढताना किलोमीटरला बारा-पंधरा सेकंद सोडून द्यायचे. घड्याळाकडे बघून नेहमीचा वेग राखायचा हट्ट केला की दहाव्या मैलाला फ्रॉस्टबर्ग यायच्या आधीच गाडी गरम होते. उलट दिशेने, डिव्हाइडवरून कंबरलँडकडे, पावणेचोवीस मैल उताराचे. हा उतार फसवा आहे. इतका सौम्य की पाय आपोआप लांब पडतात, टाच पुढे आपटते, आणि मांडीचे पुढचे स्नायू प्रत्येक पावलाला ताणत ताणत भार घेतात. धावताना काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं. उताराची धाव करायचीच असेल तर पावलांची लय थोडी वाढवा, पाऊल आखूड ठेवा, आणि पहिल्यांदा पूर्ण चोवीस मैल न करता फ्रॉस्टबर्ग ते कंबरलँड एवढेच सोळा मैल करा.

पायाखालचा थर बहुतेक ठिकाणी चुनखडीच्या बारीक कचीचा आहे, दाबून बसवलेला, रुंदी साधारण दहा फूट. गावांच्या आसपास आणि पिट्सबर्गच्या बाजूला डांबर. कची कोरडी आणि बसलेली असताना डांबरापेक्षा मऊ आणि मातीपेक्षा भरवशाची. गुडघ्याला ही सोय मोठी आहे. साधे रस्त्यावर धावायचे बूट पुरतात. खोल खाचांचे ट्रेल शूज इथे उलट त्रासाचे, कारण खाचांत खडे अडकतात आणि कडक थरावर पाऊल डळमळतं.

या कचीच्या दोन तक्रारी आहेत. पहिली बारीक खड्यांची. टाचेने उडालेला तांदळाच्या दाण्याएवढा खडा घोट्यापाशी बुटात शिरतो, मोज्याच्या विणीत रुततो आणि पुढच्या तीन किलोमीटरमध्ये तिथली कातडी सोलून काढतो. बुटाचं तोंड झाकणारे कापडाचे हलके गेटर लावले की हा प्रश्न जवळजवळ संपतो. त्यांचं वजन नगण्य असतं आणि या ट्रेलवर इतर कुठल्याही सामानापेक्षा ते जास्त उपयोगी पडतात. दुसरी तक्रार हवामानाची. हिवाळा संपताना जमीन रात्री गोठते आणि दुपारी सुटते, तेव्हा वरचा इंच-दीड इंच थर लापशीसारखा होतो; पाऊल रुततं, मागे सरकतं आणि प्रत्येक पावलाला पोटरी जास्त राबते. अशा दिवसांत वेगाची धाव ठरवू नका, आणि शक्य असेल तर पहाटे, थर गोठलेला असतानाच उरका. मोठ्या पावसानंतर पांढुरका गाळ बुटांना, पायांना, पाठीपर्यंत लागतो; तो सुकल्यावर झटकला की निघतो, ओला असताना पुसू नये.

थराला मधोमध किंचित उंचवटा ठेवलेला असतो, पाणी दोन्ही बाजूंना निघून जावं म्हणून. उजव्या बाजूने सतत चालत राहिलं की उजवं पाऊल नेहमी थोडं खाली पडतं. दहा-पंधरा किलोमीटरनंतर गुडघ्याच्या किंवा कंबरेच्या बाहेरच्या बाजूला ओढ लागते ती यामुळे. नियम उजवीकडून चालण्याचाच आहे आणि तो पाळायचा. पण मागे-पुढे लांबपर्यंत कोणी दिसत नसेल तेव्हा मध्यावर यावं.

सायकलवाल्यांशी कसं वागायचं, हेही इथेच सांगायला हवं. मागून घंटी वाजते किंवा 'ऑन युअर लेफ्ट' अशी हाक येते. ती ऐकल्यावर आपल्या रेषेत चालत राहायचं, एवढंच. बहुतेक धडका किंवा हुकलेल्या धडका हाक ऐकून चालणारा गर्रकन डावीकडे वळून बघतो तेव्हा होतात, कारण तो नेमका त्याच बाजूला सरकतो. दोघांपेक्षा जास्त जणांनी शेजारी-शेजारी चालू नये, कुत्र्याची दोरी आखूड धरावी, दोन्ही कानांत हेडफोन घालू नयेत. थांबायचं असेल तर वाटेवरून पूर्ण बाजूला व्हावं. कडेला गवतात बसताना मात्र अंगाला खाज आणणारी तीन पानांची पॉयझन आयव्ही ही वेल आहे का ते आधी बघावं.

आता तुकड्यांबद्दल. सगळ्यांत श्रीमंत भाग डिव्हाइडच्या दोन्ही बाजूंचा आहे. कंबरलँड सोडल्यावर फ्रॉस्टबर्गपर्यंत ट्रेलच्या शेजारी रूळ अजून जिवंत आहेत. त्यावर वेस्टर्न मेरीलँड सीनिक रेलरोडची पर्यटकांची गाडी धावते. वाटेतला ब्रश बोगदा, 914 फूट, गाडी आणि ट्रेल दोघांचा सामायिक आहे. आत गाडी असेल किंवा येताना ऐकू येत असेल तर बाहेर थांबायचं. जागा पुरते का हा प्रश्न नाही, धूर आणि आवाज बोगद्यात कोंडतात. गाडीच्या वेळा आधी बघून निघालं तर हा खोळंबा टळतो. फ्रॉस्टबर्गला ट्रेल गावाच्या खाली आहे. जेवणासाठी वळणावळणाच्या वाटेने वर चढावं लागतं, हे थकलेल्या पायांना आधी माहीत असलेलं बरं. पुढे 957 फुटांचा बोर्डन बोगदा. डोक्याला लावायचा दिवा त्याआधीच हाताशी काढून ठेवा.

मग मेसन-डिक्सन रेषा येते, साडेविसाव्या मैलाच्या सुमारास, आणि पेनसिल्व्हेनिया सुरू होतो. त्यानंतर बिग सॅव्हेज बोगद्याच्या अलीकडे दरी एकदम उघडते आणि मेरीलँडचे डोंगर थरावर थर दिसतात. या अख्ख्या ट्रेलवर इतकं दूरवरचं दृश्य दुसरीकडे नाही, म्हणून इथे घाई करू नये. बिग सॅव्हेज 3,294 फूट लांब आहे, म्हणजे किलोमीटरपेक्षा पाच-दहा पावलं जास्त. आत दिवे आहेत, तरी उन्हातून आत शिरल्यावर पहिली दोन मिनिटं डोळ्यांना काही दिसत नाही. गॉगल काढून, वेग कमी करून शिरावं. उन्हाळ्यातही आत गारठा असतो आणि छतातून पाणी ठिबकतं. घामाने भिजलेला धावणारा इथे पाच-सहा मिनिटं थंड हवेत असतो, चालणारा बारा-तेरा. चालणाऱ्याने पातळ जाकीट अंगावर चढवूनच आत जावं. घड्याळातला जीपीएस बोगद्यात तुटतो आणि बाहेर आल्यावर मधलं अंतर सरळ रेषेत जोडतो किंवा भलताच वेग दाखवतो. बोगद्यात शिरण्याआधी लॅप दाबा, बाहेर आल्यावर पुन्हा दाबा, आणि त्या दिवशीचा हिशोब मैलाच्या खांबांवर करा.

बोगदा संपल्यावर थोड्याच अंतरावर डिव्हाइड. इथे पडलेलं पाणी एका बाजूला पोटोमॅकमार्गे चेसापीकच्या उपसागराला आणि दुसऱ्या बाजूला ओहायो, मिसिसिपीमार्गे मेक्सिकोच्या आखाताला मिळतं. रस्त्याखालच्या भुयारी मार्गाच्या भिंतीवर डोंगराचा उभा छेद रंगवला आहे. त्यावरून दोन्ही बाजूंच्या चढातला फरक एका नजरेत कळतो. एकच दिवस हाताशी असेल तर डीलच्या ट्रेलहेडला, म्हणजे ट्रेलवर शिरायच्या जागी, गाडी लावा, डिव्हाइड आणि बोगदा ओलांडून मेसन-डिक्सन रेषेपर्यंत जा आणि परत या. जाऊन-येऊन साधारण दहा मैल, सोळा किलोमीटर, जाताना अर्ध्याहून जास्त उतार. येताना चढ आहे, त्याचा वेळ वेगळा धरा.

पण तारखा बघा. बिग सॅव्हेजची दारं हिवाळ्यात बंद करतात, साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, कारण थंड वारा आत फिरत राहिला तर भिंतींत मुरलेलं पाणी गोठून अस्तर फुटतं. या काळात ट्रेलवरून पलीकडे जायचा मार्ग नाही. नकाशावर डोंगरावरून जाणारे रस्ते दिसतात, पण ते तीव्र चढाचे आहेत, कडेला चालायला जागा नाही, आणि थंडीत त्यांवर बर्फ असतो. बंद दारापाशी पोचून वळसा शोधण्यापेक्षा तो भाग वसंतापर्यंत सोडून द्यावा. ट्रेलवरचा बर्फही काढला जात नाही.

डिव्हाइडच्या पश्चिमेला मायर्सडेल ओलांडलं की सॉल्सबरी व्हायाडक्ट लागतो: 1,908 फूट लांब, कॅसलमन नदी, महामार्ग आणि मालगाड्यांचे चालू रूळ या सगळ्यांवरून जाणारा. खालून गाडी जात असेल तर थांबून बघण्यासारखं आहे. धावणाऱ्यांसाठी एक सूचना: दरीतून वारा आडवा येतो, टोपी हातात धरा, आणि वाऱ्याच्या दिवशी इथे वेग मोजू नका. रॉकवूडच्या पुढे पिंकर्टन बोगदा, 849 फूट. 2015 पर्यंत तो बंद होता आणि नदीच्या वळणाला वळसा घालून जावं लागे. जुन्या नकाशांवर तो वळसा अजून दिसतो. रॉकवूड ते कॉन्फ्लुएन्स अठरा मैल. वाटेत जेवणाची सोय धरून चालू नका.

कॉन्फ्लुएन्स हे नावाप्रमाणे संगमावरचं गाव. कॅसलमन आणि लॉरेल हिल क्रीक इथे यॉकगेनीला मिळतात. नकाशावर या नदीच्या नावाचं स्पेलिंग भयंकर लांब आहे. लोक नुसतं 'यॉक' म्हणतात. इथून ओहायोपाइल दहा मैल, आणि चालणाऱ्याने या ट्रेलवर एकच तुकडा निवडायचा म्हटलं तर हा निवडावा. सावली आहे, नदी सतत ऐकू येते, दोन्ही टोकांना खायला मिळतं. ओहायोपाइलला जुन्या स्टेशनाची इमारत आहे, गावाला लागूनच नदीवरचा खालचा पूल, आणि पुढे उंच पूल; दोन पुलांच्या मध्ये नदीने घेतलेल्या मोठ्या वळणात फर्नक्लिफचं द्वीपकल्प. त्याला वेढणारी पायवाट पावणेदोन मैलांच्या आसपास आहे: मुळं, दगड, चढउतार. ट्रेलवरच्या एकसुरी पावलांवर यासारखा उतारा नाही. ज्यांना रेल्वेच्या सपाटीचा पुरता वीट आला असेल त्यांच्यासाठी सत्तर मैलांची लॉरेल हायलँड्स हायकिंग ट्रेलही ओहायोपाइललाच सुरू होते, आणि तिचे पहिले चढ सणसणीत आहेत. शनिवार-रविवारी उन्हाळ्यात मात्र गावात राफ्टिंगवाल्यांची इतकी गर्दी होते की गाडी लावायला सकाळीच पोचावं लागतं.

ओहायोपाइल ते कॉनल्सव्हिल सतरा मैल, 27 किलोमीटर. मध्ये गाव नाही, दुकान नाही, मोबाइलची रेंज बऱ्याच ठिकाणी नाही. चालणाऱ्याला हे साडेपाच ते सहा तास. उन्हाळ्यात तासाला अर्धा लिटर धरलं तरी तीन लिटर पाणी पाठीवर हवं. धावणाऱ्याने पाठीवर दीड लिटरची पिशवी घ्यावी, हातातली एक बाटली पुरणार नाही. नदी शेजारून वाहते म्हणून निर्धास्त राहू नका. यॉकचं पाणी गाळून, शुद्ध करूनच प्यावं.

डोंगरातून येणाऱ्या ओहोळांची गोष्ट याहून गंभीर आहे. हा सगळा कोळशाचा मुलूख. कॉनल्सव्हिल कोकसाठी, म्हणजे भट्टीत वापरायच्या भाजलेल्या कोळशासाठी, प्रसिद्ध होतं. बंद पडलेल्या खाणींतून झिरपणारं पाणी लोह आणि अ‍ॅल्युमिनियम विरघळवून बाहेर येतं. लोह हवेशी भेटलं की दगड नारिंगी-तांबडे होतात, अ‍ॅल्युमिनियम असेल तर पांढरा थर बसतो. कॉनल्सव्हिलच्या पुढे ट्रेलच्या कडेला असे लाल आणि पांढरे ओघळ जवळून बघायला मिळतात. ट्रेकिंगचा फिल्टर जंतू अडवतो, विरघळलेला धातू अडवत नाही, आणि उकळूनही तो जात नाही. ज्या ओहोळाच्या दगडांवर रंग चढला आहे त्याचं पाणी बाटलीत भरू नये, कुत्र्यालाही पाजू नये. ट्रेलहेडवरचे नळ थंडीत बंद असतात, तेही लक्षात ठेवा.

कॉनल्सव्हिल ते वेस्ट न्यूटन पंचवीस मैल, म्हणजे चाळीस किलोमीटर, आणि सलग चालणाऱ्यांचा बेत नेमका इथे मोडतो. सायकलवाल्यांचा हा अर्धा दिवस. चालणाऱ्याचा एक दिवस फार जड, दोन दिवस केले तर मध्ये छप्पर शोधा. तंबू बरोबर असेल तर प्रश्न सुटतो, पण तंबू कुठेही ठोकता येत नाही, नेमलेल्या जागांवरच. कॉनल्सव्हिलला ट्रेललगत तीन बाजूंनी बंद अशा लाकडी निवाऱ्यांची सोय आहे. त्या रात्रीचा विचार करून पुढचा दिवस भल्या पहाटे सुरू करावा. या टप्प्यात व्हॅन मीटरपाशी डार खाणीच्या स्फोटाची खूण आहे. 19 डिसेंबर 1907 रोजी तिथे 239 माणसं आणि मुलं मेली. बाकी हा टप्पा झाडं, नदी, पलीकडच्या काठावरून जाणाऱ्या मालगाड्या; सुंदर आहे, पण पहिल्या तासात जे दिसतं तेच आठव्या तासातही दिसतं. धावणाऱ्यांना इथे वेगाची कसरत करायला हरकत नाही.

वेस्ट न्यूटनच्या पुढे ट्रेल हळूहळू शहराकडे सरकतो. मकीसपोर्टनंतर बहुतेक डांबर, सावली कमी, उन्हाळ्यात खालून-वरून भाजतं. होमस्टेडला 1892 च्या पोलाद कामगारांच्या संपातली लढाई जिथे झाली ते पंप हाउस ट्रेलला लागूनच आहे. हॉट मेटल ब्रिजवरून एके काळी भट्टीतलं वितळलेलं लोखंड नदीपार नेत असत. आता त्यावरून पायी मनगहेला ओलांडता येते. शेवट पॉइंट स्टेट पार्कमध्ये, अ‍ॅलिगेनी आणि मनगहेला मिळून ओहायो होते तिथे. इतिहासाची आवड असेल तर मकीसपोर्टपासूनचे हे अठरा मैल करा. नुसती शांत वाट हवी असेल तर वेस्ट न्यूटनलाच थांबलेलं चांगलं, त्यात काही कमीपणा नाही.

जंगली धोक्यांबद्दल थोडक्यात. गोचिडी हा खरा त्रास. पेनसिल्व्हेनियात लाइम रोगाचं प्रमाण मोठं आहे, म्हणून गवतात बसल्यानंतर आणि रोज रात्री गुडघ्यामागे, जांघेत, केसांच्या कडेला तपासून बघावं. उन्हात तापलेल्या कचीवर साप पडलेला असू शकतो, त्याला वळसा घालून जावं. ओहायोपाइलच्या परिसरात बऱ्याच जागी शिकारीला परवानगी असते. शरद ऋतूत नारिंगी बंडी किंवा टोपी घातल्याशिवाय जाऊ नये. याच ऋतूत, ऑक्टोबरमध्ये, ट्रेल सर्वांत देखणा असतो, त्यामुळे नारिंगी बंडी सामानात हवीच.

सलग चालायचं ठरवलंच असेल तर कंबरलँडहून सुरुवात करा. चढ पहिल्या दोन दिवसांत, पाय ताजे असताना संपतो. मुक्काम फ्रॉस्टबर्ग (मैल 16), मायर्सडेल (32), रॉकवूड (44), कॉन्फ्लुएन्स (62), ओहायोपाइल (72), कॉनल्सव्हिल (89) असे नीट पडतात. रॉकवूडला बारा मैलांवरच थांबायचं, कारण पुढचा दिवस अठरा मैलांचा. आणि कॉन्फ्लुएन्स ते ओहायोपाइलचा दहा मैलांचा दिवस ही खरी विश्रांती, ती जोडून लांबवू नये. खाजगी व्हॅनवाले सामान पुढच्या मुक्कामाला पोचवतात. खर्च परवडत असेल तर करावा. एकसारख्या हजारो पावलांवर दहा किलो कमी होणं लहान गोष्ट नाही.

बहुतेकांना मी 89 व्या मैलाला, कॉनल्सव्हिललाच थांबायला सांगेन. तिथवर बोगदे, पूल, दरी, धबधबा सगळं होऊन जातं, आणि परतीचा प्रश्नही सुटतो. पिट्सबर्ग, कॉनल्सव्हिल आणि कंबरलँड तिन्ही ठिकाणी अ‍ॅमट्रॅक या प्रवासी रेल्वेची गाडी थांबते, दिवसातून एक जाणारी, एक येणारी. पश्चिमेकडे जाणारी संध्याकाळनंतर येते, म्हणून ती चालणाऱ्याच्या कामाची नाही. पूर्वेकडची पहाटे पिट्सबर्ग सोडते आणि सकाळी कॉनल्सव्हिल करून कंबरलँडला पोचते. तेव्हा स्वतःची गाडी कॉनल्सव्हिलला ठेवा, रात्रभर ठेवायला परवानगी आहे अशाच जागी, सकाळची आगगाडी पकडा आणि कंबरलँडहून सहा दिवसांत आपल्या गाडीकडे चालत या. तिकीट आधी काढा. लांबून येणारी गाडी असल्यामुळे उशीर होतो. दोन तास उशीर झाला तरी फ्रॉस्टबर्गपर्यंतचे सोळा मैल सगळे चढाचे आहेत आणि ऑक्टोबरात साडेसहाच्या सुमारास अंधार पडतो, म्हणून डोक्याचा दिवा पिशवीच्या तळाशी न ठेवता वरच्या कप्प्यात ठेवा.